साठ फुटांचा आकडा

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी लीलंड क्रटसिंगरने पन्नास पौंडांचं बिडाचं वजन स्वतःच्या डाव्या पायावर पाडलं. पायाची तीन हाडं मोडली. वजनाला काही झालं नाही.

हे वजन गावातल्या बंद पडलेल्या पेंडीच्या गिरणीतून आणलेलं होतं आणि ते गाडीच्या डिकीत, मागच्या चाकांच्या बरोबर वर, बोल्टनं बसवायचं होतं. गाडी पोलीस खात्याच्या लिलावात घेतलेली, काळी, लांबलचक, आठ सिलिंडरांची. दारावरचा शिक्का खरवडून काढला होता, पण ऊन तिरपं असलं की तो अजून वाचता यायचा. कागदोपत्री गाडी लीलंडच्या बायकोची, व्हेल्माची होती. सोमवार ते शुक्रवार ती तिच्यातून जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत जायची, आणि शनिवारी लीलंड तीच गाडी मड क्रीकच्या पट्टीवर पळवायचा.

मड क्रीकची पट्टी म्हणजे मक्याच्या शेतांमधून गेलेला सहाशे साठ फुटांचा सरळ रस्ता. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, मधल्या खांबावरचे पिवळे दिवे वरून खाली लागत येतात, आणि मग हिरवा. सुटायचं आणि पळायचं, एवढंच. नऊ-दहा सेकंदांत सगळं आटोपतं. त्यासाठी माणसं आठवडाभर गाडीखाली झोपतात.

सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो पहिल्या साठ फुटांत. तिथे एक अदृश्य किरण आडवा लावलेला असतो, आणि गाडी सुटल्यापासून तिथे पोचायला किती वेळ लागला ते चिठ्ठीवर छापून येतं. सुरुवातीला गमावलेला वेळ पुढे भरून निघत नाही, उलट वाढतो. पहिल्या साठ फुटांत एक शतांश सेकंद गेला की शेवटच्या रेषेवर जवळपास दीड शतांश गेलेला असतो. हे पट्टीवरच्या सगळ्यांना अंदाजानं माहीत होतं. व्हेल्माला एक पूर्णांक चार असं माहीत होतं. तीन हंगामांच्या चिठ्ठ्या तिनं वहीत उतरवल्या होत्या. तापमान, हवेचा दाब आणि दमटपणा यांच्यासकट.

लीलंडचा साठ फुटांचा सर्वांत चांगला आकडा दोन पूर्णांक चार शतांश. पट्टीवर त्याला ‘दोन-चार’ म्हणत. त्या दिवशी पूर्ण अंतर नऊ-एकवीसमध्ये झालं होतं. एरवी मात्र दोन-सहा, दोन-दहा, कधी दोन-चौदा. हा आकडा खाली आणायला त्यानं तीन वर्षं घालवली होती. पहिल्या वर्षी त्यानं वजन कमी करायचं म्हणून मागची सीट, जादाचं चाक आणि जॅक काढून टाकला. मागची बाजू हलकी झाल्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि आकडा वाढला. हे असं होईल हे व्हेल्मानं आधी सांगितलं होतं, पण तिनं ते जेवताना सांगितलं होतं आणि तेव्हा तो बातम्या बघत होता. सीट परत बसली. दुसऱ्या वर्षी त्यानं पुढच्या चाकांमधला, गाडीला वळणावर कलू न देणारा दांडा सोडवून ठेवला, म्हणजे सुटताना गाडीचं नाक वर उचलावं आणि भार मागे जावा. थोडा फायदा झाला. मात्र चर्चच्या वळणावर गाडी होडीसारखी कलायची, आणि मागे बसलेल्या पाद्रीबाई एकदा दाराला धरून “प्रभू, प्रभू” म्हणाल्या होत्या. तिसऱ्या वर्षी मऊ रबराचे टायर आले. मग वजन आलं, आणि ते पायावर पडलं.

वेळ वाईट होती. हंगामाचा एकच शनिवार उरला होता. हंगामाच्या शेवटी मड क्रीकचे पहिले आठ जण शेजारच्या राज्यातल्या मोठ्या पट्टीवर जातात, आपल्या पट्टीचं नाव पाठीवर लिहिलेलं जाकीट घालून. लीलंड गेली दोन वर्षं नववा आला होता. यंदा तो आठवा होता. पण एकटा नव्हता. हॉइट पकेटचे गुणही अगदी तेवढेच होते. हॉइट त्यांच्या रस्त्यावरच चार घरं सोडून राहायचा, लीलंडसारखाच शाळेची बस चालवायचा आणि एक तपकिरी पिकअप ट्रक पळवायचा. बरोबरी झाली म्हणून पट्टीवाल्यांनी ठरवलं, शनिवारी पहिल्याच फेरीत दोघांची जोडी लावायची. जिंकेल तो आठवा.

“गुण गाडीच्या नंबरावर असतात,” लीलंड प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून म्हणाला. “चालवणारा बदलला तरी चालतं. नियमात आहे. सातव्या पानावर.”

“बघितलं मी,” व्हेल्मा म्हणाली.

“तुला नुसतं सुटायचंय. बाकी गाडी करते सगळं. मी सेट करून ठेवलेली आहे ती.”

“हो.”

“डावा पाय ब्रेकवर. उजव्या पायानं इंजीन अठराशे फेऱ्यांवर आणायचं. शेवटचा पिवळा दिवा लागला की डावा पाय उचलायचा आणि उजवा पूर्ण खाली. सगळी जादू डाव्या पायात आहे, व्हेल्मा. ते एकदम नाही येत. मला दोन वर्षं लागली.”

 व्हेल्मा तीन हंगाम त्या डाव्या पायाच्या मागे उभी राहिली होती. गाडीत बसलेल्याला स्वतःचे मागचे दिवे दिसत नाहीत. तिला दिसायचे. पट्टीवरच्या चांगल्या गाड्यांचे ब्रेकचे लाल दिवे आधी विझतात आणि मग गाडी हलते. लीलंडची गाडी आधी हलायची. एक फूट, कधी दोन फूट पुढे जायची, आणि मग दिवे विझायचे, तेही एकदम नाही. पाय हळूच, जपून उचलल्यासारखे. सव्वीस वर्षं तो बस चालवत होता. ब्रेक झटकन सोडला तर मागे उभी असलेली पोरं पडतात. त्याच्या पायाला हे इतकं माहीत होतं की शनिवारी पोरं नाहीत हे पायाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तापमान, दाब, दमटपणा, टायरमधली हवा हे सगळं वजा केल्यावर वहीतल्या आकड्यांत जो विस्कळीतपणा उरत होता, तो लीलंडचा होता. पहिल्या हंगामाच्या शेवटीच हे तिच्या लक्षात आलं होतं. पाण्याच्या नमुन्यात काय निघालं ते सांगायचं, विहीर कुणाची आहे ते बघायचं नाही, हे तिचं कामच होतं आणि ते ती चोख करायची. घरात तिला ते जमलं नव्हतं. एकदा तिनं नुसतं “ब्रेकचं काहीतरी बघायला हवं” म्हटलं, तर त्यानं दुसऱ्या दिवशी ब्रेकचे चारही पॅड नवे आणून बसवले. इतक्या आनंदानं, की तिनं विषय सोडून दिला.

बुधवारी संध्याकाळी पट्टी सरावासाठी उघडी असते. लीलंडला डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून व्हेल्मा एकटी गेली. तिनं ठरवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिली फेरी लीलंडच्याच मापांवर: टायरमध्ये वीस पौंड हवा, पाण्याच्या डबक्यात चाकं फिरवून रबर तापवायचं ते पाच सेकंद, इंजीन अठराशेवर. फक्त सुटणं तपासायचं असल्यामुळे शंभर फुटांनंतर गॅस सोडायचा, म्हणजे टायरही वाचतात आणि पुढच्या फलकावर काहीतरी निरर्थक आकडा पडतो.

दिवे लागले. तिनं डावा पाय उचलला. तसा, जसा आपण गरम तव्यावरून हात उचलतो. गाडीनं नाक वर केलं आणि तिला सीटमध्ये दाबलं. शंभर फुटांवर तिनं गॅस सोडला आणि बाजूच्या रस्त्यानं परत आली.

परतीच्या वाटेवर चिठ्ठ्यांची टपरी आहे. तिथे अर्लीन बसते. अर्लीन सत्त्याहत्तर वर्षांची, आणि पट्टी सुरू झाली तेव्हापासून त्या खिडकीत आहे.

“ही घे गं पोरी,” अर्लीन म्हणाली. मग तिनं चष्मा वर केला आणि चिठ्ठी खिडकीतून बाहेर देता देता परत आत घेतली. “हे तुझंच का?”

“काय आलंय?”

“एक-अठ्ठ्याण्णव.”

व्हेल्मानं चिठ्ठी घेतली. एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव. एकही बोल्ट न फिरवता, पहिल्याच फेरीत, लीलंडच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या आकड्यापेक्षा सहा शतांशांनी कमी.

“लीलंडला काय गं, आनंदच होईल,” अर्लीन म्हणाली. तिच्या आवाजावरून ती गंमत करत होती की नाही ते कळत नव्हतं. ते कधीच कळायचं नाही.

व्हेल्मानं आणखी पाच फेऱ्या केल्या. हवा अठरावर आणली: एक-सत्त्याण्णव. सोळावर: परत एक-अठ्ठ्याण्णव, म्हणून अठरा पक्के. रबर सात सेकंद तापवलं, फरक नाही. इंजीन दोन हजारांवर धरलं, चाकं सटकली, दोन-शून्य-एक, परत अठराशे. शेवटची फेरी खात्रीसाठी: एक-सत्त्याण्णव. सहाच्या सहा चिठ्ठ्यांमध्ये मिळून लीलंडच्या एका शनिवारएवढाही विस्कळीतपणा नव्हता.

घरी लीलंड वाटच बघत होता.

“किती आला?”

“दोन-सहा,” व्हेल्मा म्हणाली.

“बघ! वाईट नाही. पहिल्याच दिवशी दोन-सहा म्हणजे वाईट नाही. मी पहिल्यांदा दोन-तीस मारला होता.” त्यानं तिच्यासाठी कॉफी ओतली, कुबड्या सांभाळत, अर्धी बशीत. “शनिवारपर्यंत दोन-पाचावर येशील तू.”

ती खोटं बोलली ते सोपं गेलं, हेच तिला जास्त लागलं. वहीत तिनं खरे आकडे लिहिले. वही लीलंड बघत नसे. वही तुझी, गाडी माझी, असं तो म्हणायचा.

पण खरी अडचण साठ फुटांची नव्हतीच. खरी अडचण काचेची होती.

त्यांच्या वर्गात सगळ्या तऱ्हेच्या गाड्या एकमेकींशी लावतात, म्हणून प्रत्येकानं आपली गाडी पूर्ण अंतराला किती वेळ घेईल ते आधी सांगायचं असतं. तो आकडा बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं खिडकीच्या काचेवर लिहितात, हाताएवढा मोठा, म्हणजे वरच्या मनोऱ्यातून दिसावा. हळू गाडीला तेवढ्या फरकानं आधी सोडतात. मग जो रेषेवर आधी पोचेल तो जिंकला. मात्र स्वतः सांगितलेल्या वेळेपेक्षा एक शतांशही लवकर पोचलात तर तुम्ही बाद. मड क्रीकवर वेगात जाणं हा गुन्हा नाही, आपण किती वेगात जाणार हे माहीत नसणं हा गुन्हा आहे.

म्हणजे व्हेल्मापुढे हिशोब सरळ होता. एक-सत्त्याण्णवला सुटलं की एक पूर्णांक चारच्या प्रमाणात पूर्ण वेळ होते नऊ-अकरा. काचेवर लीलंडचं नेहमीचं नऊ-एकवीस लिहिलं आणि गाडी नऊ-अकरात गेली, तर ती बाद. हॉइट आठवा, लीलंड तिसऱ्यांदा नववा. काचेवर नऊ-अकरा लिहिलं, तर जिंकता येईल. पण हातभर अक्षरांत, शंभर माणसांसमोर, असं लिहिलेलं असेल की गाडीला तीन वर्षं काही झालेलं नव्हतं. आणि ते पांढरं पॉलिश घेऊन लिहिणार कोण? काचेवरचा आकडा चालवणारा लिहीत नाही, तो पट्टा बांधून आत बसलेला असतो. बरोबरचा माणूस लिहितो. तीन हंगाम ती लिहीत आली होती. आता लीलंड लिहिणार होता.

तिसरा एक मार्ग होता. लीलंडसारखंच सुटायचं. ब्रेक जपून सोडायचा, दोन-पाच, दोन-सहा मारायचा आणि नऊ-एकवीसवर इमानदारीनं हरायचं किंवा जिंकायचं. शनिवारी सकाळच्या दोन चाचणी फेऱ्यांत तिनं तेच करून बघितलं. पहिल्यांदा पाय इतका हळू उचलला गेला की दोन-अठरा आला. दुसऱ्यांदा पायानं तिचं ऐकलंच नाही आणि एक-नव्व्याण्णव आला. दोन्ही वेळा तिनं अर्ध्यात गॅस सोडला, म्हणून फलकावरून कुणाला काही कळलं नाही. चिठ्ठ्या खिशात गेल्या. दुसऱ्याची चूक नेमकी तेवढीच करणं हे तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. त्याला सव्वीस वर्षं लागतात.

दुपारी तीनला रांग लावायला सांगितलं. ऊन स्वच्छ होतं, हवा थंड. हॉइट शेजारच्या रांगेत ट्रकमध्ये बसून पावाच्या दुप्पट आकाराचा तळलेला डुकराचा तुकडा पावातून खात होता. त्याच्या काचेवर नऊ-शहाऐंशी लिहून तयार होतं.

“काय बाईसाहेब,” तो तोंड पुसत म्हणाला, “पॉवर स्टिअरिंग आहे ना? नाही म्हटलं, विचारून घ्यावं. आणि तो हिरवा दिवा लागला की जायचं बरं का. चौकातल्यासारखं आधी मागच्याला हात दाखवायचा नाही.”

“तू जेव शांतपणे,” व्हेल्मा म्हणाली. “मोहरी लागलीय शर्टाला.”

“लीलंड, जाकीट कुठल्या मापाचं सांगितलंयस रे? मोठं असेल तर मलाच होईल, बदलायला नको.”

“तुला दोन लागतील,” लीलंड म्हणाला. एका काखेत कुबडी धरून आणि पॉलिशची बाटली दातांनी उघडत तो गाडीच्या खिडकीशी आला. बूच त्यानं खिशात टाकलं. “बोल. नऊ-एकवीस? का एखादा शतांश जास्त ठेवायचा? सकाळी तुझं सुटणं जरा डळमळीत दिसत होतं.”

हेल्मेटमुळे व्हेल्माला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. पुढच्या दोन गाड्या सुटल्या. रांग एका गाडीएवढी पुढे सरकली. लीलंडही कुबडीवर सरकला.

तिनं त्याच्याकडे न बघता, समोरच्या दिव्यांच्या खांबाकडे बघत सांगितलं, “नऊ-अकरा.”

हॉइटचं चावणं थांबलं.

“किती म्हणाली ती? नऊ-अकरा?” तो खिडकीतून अर्धा बाहेर आला. “लीलंड, अरे ही गाडी डोंगरावरून ढकलून दिली तरी नऊ-अकरात नाही येणार! लिही, लिही तू. मी काही बोलत नाही. बायकोचं ऐकावं माणसानं.”

लीलंड काही लिहीना. पॉलिशचा बोळा काचेपासून दोन बोटांवर तसाच. एक पांढरा थेंब दरवाजावर, पोलिसांच्या जुन्या शिक्क्यावर ओघळला. त्यानं मान वळवून मागे बघितलं, पट्टीच्या पश्चिमेच्या टोकाकडे, बराच वेळ. मनोऱ्यावरच्या झेंड्याकडे बघितलं.

“नऊ-शून्य-नऊ,” तो म्हणाला.

“काय?”

“नऊ-अकरा जास्त होतंय. तू बाद होशील.” त्यानं बोळा काचेवर टेकवला आणि पहिला नऊ काढला. त्याचं अक्षर चांगलं होतं. बसचे फलक तोच रंगवायचा. “अर्लीननं फोन केला होता बुधवारी. तू घरी पोचायच्या आधीच.”

व्हेल्मानं हेल्मेटची काच वर केली.

“मग तू बोलला का नाहीस?”

“तू दोन-सहा म्हणालीस.” त्यानं शून्य काढलं आणि ते नीट गोल झालं का ते बघितलं. “मला वाटलं, तुला म्हणायचंय दोन-सहा, तर म्हणू दे.”

“लीलंड, माझा हिशोब नऊ-अकराचाच येतो. तीन वर्षांच्या आकड्यांवर काढलाय.”

“तुझ्या तीन वर्षांत मका उभा आहे.”

“काय?”

“एबरलीचा मका. पट्टीच्या मागचा. ऑगस्टपासून आठ फूट भिंत असते तिथे. पश्चिमेचा वारा अडतो. गुरुवारी कापला त्यानं. मी एरवी रोज दोनदा तिथून बस नेतो, आज सकाळी वळणावर मी गाडीतून नुसता उतरलो तर टोपी उडाली माझी.” शेवटचा नऊ. त्याची शेपटी त्यानं लांब ओढली. “वारा पाठीवर आहे तुझ्या. दोन शतांश देईल. जास्त नाही.”

व्हेल्माही रोज त्या शेतावरून जायची. शुक्रवारी तिनं ते मोकळं झालेलं बघितलंही होतं. त्यापलीकडचं घर किती जवळ दिसतं असा विचारही तिच्या मनात आला होता. वहीत वाऱ्याला रकाना नव्हता. कारण आधीच्या दोन्ही हंगामांत शर्यती मका असतानाच संपल्या होत्या, आणि यंदा पावसामुळे दोन आठवडे पुढे गेल्या होत्या. दोन शतांश हे तिला पडताळून बघता येत नव्हतं. त्याला आधार म्हणून टोपी होती.

“दोनच कशावरून?” तिनं विचारलं.

“तसं वाटतंय.”

आकड्याशिवाय काही मान्य करायची तिला सवय नव्हती. पुढच्या गाड्या हलल्या, आणि पट्टीवरच्या माणसानं तिला बोटानं पुढे बोलावलं.

“राहू दे,” ती म्हणाली आणि हेल्मेटची काच खाली केली.

पाण्याच्या डबक्यात तिनं पाच सेकंद चाकं फिरवली. धूर मागे न जाता पुढे आला, गाडीला ओलांडून, आणि पट्टीवरून सरळ निघून गेला. हे तिनं पाहिलं. वारा होता. किती होता ते धुरावर लिहिलेलं नव्हतं.

दोन्ही गाड्या रेषेवर आल्या. हॉइटचे दिवे आधी लागायला लागले, पिवळे, खाली खाली. तपकिरी ट्रक गरजला आणि सुटला. पाऊण सेकंद ती त्याची मागची बाजू लांब जाताना बघत बसली. हळू गाडीशी खेळताना हे बसणंच सगळ्यात कठीण. मग तिचे दिवे. शेवटचा पिवळा. डावा पाय वर, उजवा खाली, मध्ये काही नाही.

तिला नंतर आठवत राहिलं ते एवढंच, की ट्रक मोठा होत गेला. आधी हळूहळू, आणि मग एकदम. शेवटच्या शंभर फुटांत हॉइटची मागची फळी तिच्या दाराशी आली, मग त्याची खिडकी, आणि खिडकीत हॉइट, ज्याच्या चेहऱ्यावर आता गंमत नव्हती. गॅस सोडावा का? जास्त जोरात जातोय का आपण? तिनं काचेवरचा आकडा आतून उलटा वाचला आणि उजवा पाय होता तिथेच ठेवला.

रेषा गेली. टोकाच्या फलकावर तिच्या बाजूचा दिवा लागला.

परतीच्या रस्त्यावर अर्लीन टपरीच्या बाहेर येऊन उभी होती. एरवी ती बाहेर यायची नाही.

“नऊ-दहा,” ती म्हणाली आणि चिठ्ठी गाडीत टाकली. “काचेवर नऊ-शून्य-नऊ, गेलीस नऊ-दहात. हॉइट पण त्याच्या आकड्यापेक्षा एकच शतांश उशिरा. पण आपापला दिवा लागल्यावर तू त्याच्यापेक्षा लवकर सुटलीस गं. साठ फूट बघ तुझे.”

एक-शहाण्णव.

व्हेल्मानं गाडी बाजूला गवतात घेतली आणि चिठ्ठी दोनदा वाचली. तिचं स्वतःचं नऊ-अकरा काचेवर असतं, तर ती एका शतांशानं बाद झाली असती.

लीलंड कुबड्यांवर अख्खं अंतर चालत आला. त्याला पंधरा मिनिटं लागली, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी तो बोलत आला. दार उघडून तो शेजारच्या सीटवर बसला. प्लास्टरचा पाय बाहेरच राहिला. तिनं चिठ्ठी त्याच्या हातात दिली. कोण जिंकलं ते त्यानं बघितलं होतं. त्यानं सरळ वरची ओळ वाचली.

“एक-शहाण्णव,” तो म्हणाला.

“हो.”

“वजनाचा काही उपयोग झाला असेल?”

“वजन गॅरेजमध्येच आहे, लीलंड.”

“हां.” त्यानं चिठ्ठी मांडीवर सरळ केली. पलीकडे कुणीतरी इंजीन तापवत होतं, ते बंद होईपर्यंत तो थांबला. “आठवे आपण. तिकडे तीन आठवड्यांनी आहे.”

“डॉक्टरांनी पायाला सहा सांगितलेत.”

“सहाच आहेत. मला माहितीय. गाडी तूच चालव. पॉलिश मी आणतो.” मग त्यानं विचारलं, तिच्याकडे न बघता, “काय होतं गं ते? टायर नाहीत, दांडा नाही. मला तीन दिवस झोप नाही.”

पाण्याच्या नमुन्याबद्दल ती फोनवर सांगायची तशा आवाजात व्हेल्मानं सांगितलं. ब्रेकचे दिवे. गाडी आधी हलते, दिवे मग विझतात. एक फूट, कधी दोन. पाय जपून उठतो. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा. पहिल्या हंगामापासून.

लीलंड ऐकत होता. डाव्या पायाच्या प्लास्टरकडे बघत होता, जणू काही त्याच्याबद्दलच बोलणं चाललंय आणि त्याला बोलायची संधी द्यायला हवी.

“सव्वीस वर्षांत एक पोरगं पडलेलं नाही माझ्या बसमध्ये,” तो शेवटी म्हणाला.

“माहितीय.”

“एकही नाही.”

“माहितीय मला.”

समोरून तपकिरी ट्रक परत येत होता. हॉइटनं खिडकीतून हात बाहेर काढला, हॉर्न वाजवला आणि ओरडला, “पुढच्या वर्षी बघतो, बाईसाहेब! नवे शॉक अॅब्जॉर्बर घालतोय! इंजिनाला ताजी हवा देणारा पाइप पण घालतोय! सगळं बदलून टाकतो!” आणि पुढे गेला.

ट्रक वळणावर पोचेपर्यंत लीलंड त्याच्या पाठीकडे बघत राहिला. वळणावर हॉइटनं ब्रेक लावला, आणि मग सोडला.

“व्हेल्मा,” तो म्हणाला, “ह्याचं पण तसंच असतं का?”

“तसंच,” व्हेल्मा म्हणाली. “तुझ्यापेक्षा जरा जास्तच.”

लीलंडनं चिठ्ठीची चौकोनी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलून आत घेतला आणि दार ओढून घेतलं.

“त्याला सांगू नकोस,” तो म्हणाला.